हृद्रोगविशारदाची साधना आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 विषय आपण मोठा दिलात आणि वक्ता लहान निवडलात. हृद्रोगविशारदाची साधना या विषयावर एखाद्या विद्वान डॉक्टरने बोलावे, हेच उचित. मी डॉक्टर नाही. वर्ध्यात चाळीस वर्षे मी औषधांचे दुकान चालविले, एवढाच माझा या शास्त्राशी संबंध. परंतु दुकानाच्या फळीमागे उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट दिसते, जी पुष्कळदा डॉक्टरांनाही दिसत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन कोण आला, हे त्याला कळतेच. पण पुढच्या महिन्यात कोण आला नाही, हेही त्याला कळते. आज मी जे बोलणार आहे, ते त्या न आलेल्या माणसांविषयी आहे. त्यांच्यापैकी एक माझा सख्खा थोरला भाऊ होता.

आपल्या जिल्ह्यापासूनच आरंभ करू. हृदय व रक्तवाहिन्या यांच्या विकारांचा आणि वर्ध्याचा संबंध जुना आहे. १९३५ च्या डिसेंबरात महात्माजी वर्ध्यास असताना अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली, आणि रक्तदाब फार वाढल्याचे आढळून आले. पुढच्या वर्षी ते शेगावास राहावयास गेले. त्या शेगावालाच पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१९ साली महात्माजींच्या आरोग्याविषयीची कागदपत्रे प्रसिद्ध केली. त्यांत १९४० च्या फेब्रुवारीतील त्यांचा रक्तदाब २२० वर ११० असा नोंदलेला आहे. आज एवढा आकडा दिसला, तर कोणताही डॉक्टर तो गंभीरपणे घेईल. त्या काळी मात्र या विकारावर खात्रीचे औषध जगात कोठेही नव्हते. विश्रांती, मौन, मिताहार आणि नियमित नोंद एवढ्याच साधनांवर भिस्त होती. डॉ. सुशीला नायर यांच्यासारख्या निष्ठावान सेविकेने ती नोंद ठेवली आणि शुश्रूषाही केली. त्या कागदपत्रांवरून आणखी एक गोष्ट कळते. महात्माजी सर्पगंधेचे थेंब घेत असत. या वनस्पतीचे नाव कृपा करून लक्षात ठेवावे. आपल्याला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

त्या काळातील मुंबईचे ख्यातनाम हृद्रोगतज्ज्ञ म्हणजे डॉ. मंचेरशा गिल्डर. १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात ते मंत्री होते, आणि १९३९ साली मुंबईत दारूबंदी अमलात आली ती त्यांच्याच खात्याकडून. १९४३ च्या फेब्रुवारीत महात्माजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. तेव्हा येरवड्यास बंदिवासात असलेल्या डॉ. गिल्डर यांना त्यांच्या सेवेसाठी तेथे आणण्यात आले. रुग्ण बंदी आणि वैद्यही बंदी, असा तो प्रसंग होता. उपोषण सुखरूप पार पडले. परंतु त्याच वास्तूत कस्तुरबांचे हृदय दिवसेंदिवस क्षीण होत गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नायर या दोघांनीही त्यांची शुश्रूषा केली होती. त्यानंतर सुशीलाबहेनांनी सेवाग्रामात जो लहानसा दवाखाना उभारला, त्याचेच पुढे कस्तुरबा रुग्णालय झाले, आणि १९६९ साली त्याच्या जोडीला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. आपल्या जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला एका हृद्रोगी मातेचे नाव आहे. त्याच्या दारावरून आपण शेकडो वेळा गेलो असू. हा विचार आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आला असेल?

आता सर्पगंधेकडे वळू. ही वनस्पती आपल्या देशात फार प्राचीन काळापासून परिचित आहे. बिहारकडील खेड्यांत उन्मादावर तिची मुळी देत असत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या दोघा वैद्यांनी ती रक्तदाबावरही गुणकारी असल्याचे लिहिले. परंतु जगाने तिकडे लक्ष दिले नाही. एखादे औषध गुणकारी आहे, असे म्हणणे सोपे असते. ते किती रुग्णांना दिले, किती दिवस दिले, रक्तदाब किती उतरला, कोणाचा उतरला नाही आणि कोणाला अपाय झाला, हे मोजून मांडल्याशिवाय शास्त्र त्याला मान्यता देत नाही. ते मोजण्याचे कष्ट मुंबईच्या एका तरुण हृद्रोगविशारदाने घेतले. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

डॉ. वकील १९११ साली मुंबईत जन्मले. उच्च वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनला घेतले, आणि मायदेशी परतून त्यांनी मुंबईत हृद्रोगचिकित्सेस वाहून घेतले. परळचे के. ई. एम. रुग्णालय हे त्यांच्या कार्याचे एक मुख्य क्षेत्र होते. गिरणगावातील कामगार आणि चाळीतील कारकून हे त्या रुग्णालयाचे रुग्ण. विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरने देशी मुळीकडे तुच्छतेने पाहिले असते, तर त्या काळच्या रीतीस ते धरूनच झाले असते. डॉ. वकील यांनी तसे केले नाही. त्याचप्रमाणे देशी आहे म्हणून ती डोळे मिटून मस्तकी लावण्याचा अविचारही त्यांनी केला नाही. त्यांनी रुग्णांना सर्पगंधा दिली, दंडाला पट्टा बांधून त्यांचा रक्तदाब पुनःपुन्हा मोजला आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. अशा पन्नास रुग्णांवरील निरीक्षणांचा निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब उतरला होता.

त्या एका निबंधाने जगाचे लक्ष आपल्या देशाच्या मुळीकडे वळले. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ती आपल्या रुग्णांना देऊन पाहिली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले, आणि काही वर्षे ते रक्तदाबावरील जगातील प्रमुख औषधांपैकी एक होऊन राहिले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले, आणि १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९७४ साली ते निवर्तले.

येथे एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. नाही तर घरी जाऊन कोणी सर्पगंधेची मुळी शोधू लागावयाचे! रिसर्पीनचेही दोष होते. नाक चोंदणे, ग्लानी येणे आणि विशेषतः मन खिन्न होणे हे त्याचे दुष्परिणाम पुढे दिसून आले. त्यामुळे आज त्याची जागा इतर अधिक सुरक्षित औषधांनी घेतलेली आहे. डॉ. वकील यांची थोरवी मी त्या मुळीत मानीत नाही. पन्नास माणसे पुनःपुन्हा त्यांच्याकडे येत राहिली, आणि प्रत्येक वेळी त्यांनी दंडाचा पट्टा आवळून आकडा लिहून ठेवला, यात ती थोरवी आहे. रुग्ण परत आला नसता, तर त्या निबंधाची एक ओळही लिहिली गेली नसती.

सज्जनहो, या विकाराचे मर्म येथेच आहे. आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि दर मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त धमन्यांत लोटते. पाटात पाणी सोडले, की पाटाच्या काठांवर जसा दाब पडतो, तसाच दाब धमन्यांच्या भिंतींवर पडतो. तो प्रमाणाबाहेर वाढला आणि वर्षानुवर्षे वाढलेलाच राहिला, तर धमन्या कठीण होतात, हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, मूत्रपिंडे झिजतात, आणि एके दिवशी मेंदूतील एखादी वाहिनी फुटते किंवा चोंदते. बंधूंनो, या सर्व काळात रुग्णास बहुधा काहीच होत नसते. ताप येत नाही, वेदना होत नाही, भूक मरत नाही. काठ फुटेपर्यंत पाट शांतच वाहत असतो.

मोडलेले हाड जोडून देणारा डॉक्टर भाग्यवान. रुग्ण लंगडत येतो आणि चालत जातो. उपकार उघड दिसतात. रक्तदाबाच्या डॉक्टराचे तसे नाही. त्याच्याकडे येणारा माणूस चालत येतो, त्याला काही होत नसते, आणि डॉक्टर त्याला सांगतो, “तुला जन्मभर रोज गोळी घ्यावी लागेल.” गोळी घेतल्यावरही त्याला आधी होते तसेच वाटते. जो अनर्थ टळला, तो कोणाला दिसत नाही. न घडलेल्या गोष्टीबद्दल आभार कोण मानणार? म्हणून हृद्रोगविशारदाचे अर्धे कौशल्य निदानात आणि औषधात असते, आणि उरलेले अर्धे रुग्णाला परत बोलावण्यात असते.

आता माझ्या दादाविषयी सांगतो. दादा आर्वी तालुक्यात शेती करीत असे. देह बळकट, बोलणे मोकळे, आणि कापसाच्या हंगामात चार माणसांचे काम एकटा करील असा. २००६ साली तो बाजारासाठी वर्ध्यास आला असता मीच त्याला एका डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब १८० वर ११० निघाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करण्यास सांगितले, आणि महिन्याने दाखवावयास या, असे बजावले. दादाने काही महिने गोळ्या घेतल्या. त्याच्या गोळ्या मीच माझ्या दुकानातून पाठवीत असे. पुढे तो येईनासा झाला. मी विचारले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “आता मले बरं वाटते ना. मंग गोळी कायले खाऊ? रोज गोळी खाल्ली त तिची सवय लागते म्हणते.”

मी औषधविक्रेता. त्याचे म्हणणे चूक आहे, हे मला ठाऊक होते. बरे वाटते ते गोळीमुळे, आणि गोळी थांबविली की दाब पुन्हा चढतो, हे मी इतर गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा सांगत असे. पण थोरल्या भावापुढे धाकट्याने काय बोलावे, या संकोचाने मी गप्प राहिलो. वहिनींनाही काही सांगितले नाही. उगाच त्यांच्या जिवाला घोर नको, असे मी मनाशी म्हटले. खरे म्हणजे मला वाद नको होता.

२००९ च्या हिवाळ्यात, कापूसवेचणीच्या दिवसांत, दादा सकाळी शेतात गेला आणि धुऱ्यावर कोसळला. त्याला अर्धांगवायू झाला होता. उजवे अंग गेले, वाचाही गेली. त्यानंतर तो चार वर्षे जगला. वहिनींनी त्याला लेकरासारखे भरविले. दोन एकर जमीन विकली गेली, आणि मुलीचे शिक्षण अर्ध्यावर सुटले. मी भेटावयास जाई, तेव्हा तो डाव्या हाताने माझा हात धरी आणि काही बोलू पाही. शब्द उमटत नसत. तो काय सांगू पाहत होता, हे मला कधीच कळले नाही. एक मात्र मला पक्के कळले आहे. महिन्याला थोड्या रुपयांची ती गोळी त्याच्या धाकट्या भावाच्या फळीवर पडून होती, आणि तो भाऊ संकोचाने गप्प होता.

ही कथा मी आपल्या सहानुभूतीसाठी सांगितलेली नाही. आज या मंडपात बसलेल्यांपैकी कितीतरी घरांत असाच एक दादा असेल. देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रौढ भारतीयांपैकी सुमारे पस्तीस टक्क्यांना, म्हणजे तिघांमागे एकाला, उच्च रक्तदाब आहे. हे प्रमाण या सभेस लावून पाहावे. आपल्या उजव्या व डाव्या हातास बसलेल्यांकडे एकवार पाहावे, म्हणजे हिशेब कळेल.

सुदैवाने या बाबतीत आपला जिल्हा मागे नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात भारत सरकार, अनुसंधान परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने देशातील निवडक जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून त्यासाठी प्रथम जे जिल्हे निवडले गेले, त्यांत भंडारा, सातारा व सिंधुदुर्ग यांच्याबरोबर आपला वर्धाही होता. त्या उपक्रमाची रीत पाहिली, तर तिच्यात चमत्कार असा काहीच नाही. सर्व सरकारी दवाखान्यांत उपचाराचा एकच सोपा क्रम, अॅम्लोडिपिन व टेल्मिसार्टनसारखी माहितीची आणि स्वस्त औषधे, महिनाभराच्या गोळ्या एकदम व विनामूल्य, त्याही गावाजवळच्या आरोग्यकेंद्रात, आणि प्रत्येक रुग्णाच्या नावाचे एक कार्ड. जो ठरलेल्या दिवशी आला नाही, त्याची चौकशी करावयाची. २०२२ साली या कार्यास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. डॉ. वकील यांनी पन्नास रुग्णांसाठी जी वही ठेवली, तीच वही आता लाखोंसाठी उघडली आहे, असे मी म्हणतो.

आणखी एका मुंबईकर हृद्रोगतज्ज्ञाचा उल्लेख केल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. के. ई. एम. मधील डॉ. के. के. दाते यांनी १९६९ साली, ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्यांच्या रक्तदाबावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कित्येकांचा दाब उतरला, आणि काहींना पूर्वीपेक्षा कमी औषध पुरू लागले. आपल्या परंपरेतील एका आसनाची परीक्षा शास्त्राच्या कसोटीवर घेण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. परंतु डॉ. दाते यांनी रुग्णांना औषध फेकून द्या, असे सांगितले नव्हते. शवासन करावे, चालावे, तंबाखू सोडावी, लोणचे-पापड बेताने खावे, दिवसाकाठी सर्व मिळून मीठ चहाच्या चमच्याएवढेच असावे. आणि हे सर्व करून डॉक्टरांनी सांगितलेली गोळीही घ्यावी.

आता मंडळाच्या दृष्टीने दोन गोष्टी सुचवितो आणि आपली रजा घेतो.

ज्ञातिसंस्था कशासाठी असते? विद्यार्थ्यांचे सत्कार आणि वधूवरांच्या याद्या ही कार्ये आपण करतोच, आणि ती चांगलीही आहेत. पण सरकारी कार्डावरच्या माणसाची चौकशी करावयास गेलेल्या आरोग्यसेविकेला जी गोष्ट सांगता येत नाही, ती नात्यातले माणूस सांगू शकते. सेविकेला दारावरून परत पाठविता येते. आतेबहिणीला पाठविता येत नाही. सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या खेड्यांत, सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी आणि त्या बदल्यात रुग्णालयाने त्या गावाच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी, अशी योजना रुजविली. ज्वारीची रास एका ठिकाणी पडली, की आजार हा एकट्याचा राहत नाही, गावाचा होतो; हे तिच्यामागील तत्त्व आपणही घेण्यासारखे आहे.

तेव्हा माझी पहिली सूचना अशी, की पुढील संमेलनापासून या मंडपाच्या दाराशी एक टेबल मांडावे, त्यावर रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवावे, आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाने हळदीकुंकू व पानसुपारी घेण्यापूर्वी आपला दंड पुढे करावा. यंत्राची किंमत आणि मोजणाऱ्याचा मेहनताना मी देईन. दुसरी सूचना अशी, की ज्याचा दाब वाढलेला आढळेल, त्याच्या घरातील एका माणसाने, मग ती पत्नी असो, सून असो वा धाकटा भाऊ असो, त्याच्या गोळीची जबाबदारी उघडपणे स्वीकारावी. गोळी घेतली का, हा प्रश्न विचारण्यात लहानमोठेपणा आड येऊ देऊ नये. वडीलधाऱ्यांनीही तो प्रश्न अपमान मानू नये. ज्याला आपण जगावे असे वाटते, तोच आपल्याला विचारतो.

दादा गेल्यापासून माझ्या दुकानात मी एक वही ठेवली. दर महिन्याला गोळ्या नेणाऱ्यांची नावे तिच्यात असत, आणि जो आला नाही, त्याच्या नावापुढे मी खूण करून त्याला फोन करीत असे. कित्येक रागावत. “तुम्हाला तुमचा माल खपवायचा आहे,” असेही कोणी म्हणत. मी ते ऐकून घेत असे. आता दुकान मुलाने सांभाळले आहे, आणि ती वही त्याने पुढे चालविली आहे. हृद्रोगविशारदाची साधना मी थोडीबहुत शिकलो ती एवढीच, आणि तीही फार उशिरा.